गाडीला पॉवर अँटेना बसवण्याआधी

जुन्या कॉन्टेसाला किंवा पद्मिनीला पॉवर अँटेना, म्हणजे रेडिओ लावला की मोटरने आपोआप वर येणारा अँटेना, बसवायचा विचार असेल, तर सामान आणायला निघण्याआधी कागदावर सगळ्यात वर निचऱ्याची नळी लिहा. बाकी काही विसरलं तर दुकानात परत जाता येतं. नळी विसरली तर ते पावसाळ्यात कळतं, आणि तोवर मोटर गेलेली असते. मागच्या वेळी माझी हीच राहिली होती.

नळी इतकी का महत्त्वाची? या अँटेनाची दांडी म्हणजे एकात एक सरकणाऱ्या धातूच्या नळ्या. त्यांच्या आतून दातेरी नायलॉनची दोरी जाते आणि खालची मोटर ती ढकलते, ओढते. दांडी भिजलेली असली की खाली उतरताना पाणी सोबत घेऊनच उतरते. वरचा रबर ते सगळं अडवत नाही. म्हणून मोटरच्या खालच्या डब्याला पाणी जायला एक छोटं तोंड ठेवलेलं असतं. त्या तोंडाला नळी जोडून ती गाडीच्या बाहेर काढली नाही, तर पाणी डिकीच्या कोपऱ्यात साचतं आणि पत्रा आतून सडतो. तोंड तिरपं होऊन वर राहिलं, तर पाणी डब्यातच साचतं. मग ग्रीस पांढरट पडतं, बेअरिंग गंजतं आणि ऐन जुलैत दांडी अर्ध्यावर अडकून कटकट करत बसते.

खोक्यात नळी येते, पण बहुतेक वेळा बोटभरच. वेगळी विकत घ्या. डिकीत बसवणार असाल तर गवंडी लेव्हल काढायला वापरतात तो पारदर्शक पाइप चालतो. आत पाणी अडलंय का ते दिसतंही. पुढच्या मडगार्डमध्ये इंजिनाची धग लागते, तिथे तो कडक होऊन तडकतो, म्हणून तिथे रबरीच हवी. तोंडावर घट्ट बसणारा व्यास, छोटा क्लिप आणि पत्र्याच्या भोकात बसवायला रबरी ग्रोमेट (कडेने नळी किंवा वायर कापू नये म्हणून बसवायची कडी) हे त्याच फेरीत घ्या.

आता जागा. कॉन्टेसासारखी डिकीवाली गाडी असेल तर मागचं मडगार्ड बरं: आत खोली मिळते, हाताला जागा मिळते आणि रेडिओत खरखर आणणाऱ्या डिस्ट्रिब्युटर, प्लगच्या वायरी लांब राहतात. पेट्रोलची नळी ज्या बाजूला असेल ती बाजू सोडा, तिथे ड्रिल लावायचंच नाही. पुढच्या मडगार्डमध्ये बसवायचा असेल तर स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवून चाक आत कुठवर येतं ते बघा. अँटेना मिटलेला असताना पत्र्याखाली बराच लांब उतरतो. त्याच मापाची पुठ्ठ्याची गुंडाळी करून आत धरा आणि डिकीचं झाकण उघडून-मिटून बघा. अंदाजाने भोक पाडू नका, पत्रा परत जोडता येत नाही. आणि गुंडाळी आत धरली आहे तोवरच नळी कुठून उतरणार, कुठल्या भोकातून बाहेर पडणार ते ठरवून टाका. नंतर ठरवू म्हटलं की राहतं.

भोकाला मास्किंग टेप, सेंटर पंच, आधी बारीक ड्रिल, मग पायऱ्यापायऱ्यांनी भोक मोठं करणारं स्टेप ड्रिल. व्यास आपल्या अँटेनाचा मोजून घ्या, दुकानदाराच्या तोंडचा नको. लोखंडाचा कीस आत सांडला की तिथूनच गंज सुरू होतो. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून सगळीकडे फिरवा, म्हणजे पिशवी उलटी केली की कीस सुटतो. भोकाच्या कडेला लगेच रेड ऑक्साइड लावा.

पण सगळीकडे रंग फासू नका. पत्र्याच्या खालच्या बाजूला जिथे दातेरी वॉशर चावतो, तेवढी कडी चकचकीत खरवडलेली हवी. अँटेनाचं अर्थिंग तिथूनच होतं. ते कच्चं राहिलं की ॲक्सिलरेटर दाबाल तशी रेडिओत टरटर वाढते आणि लोक विनाकारण रेडिओ बदलतात. नट आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिन लावा.

वायरी तीन. काळी बॉडीला. लाल थेट बॅटरीवर, आणि बॅटरीजवळच फ्यूज टाकून. लाल वायर किल्लीवरच्या सप्लायला जोडू नका: किल्ली काढल्यावर दांडी खाली उतरायला मोटरला करंट लागतो, तो मिळाला नाही तर दांडी रात्रभर वर राहते आणि सकाळी वाकलेली सापडते. निळी रेडिओकडून येते. तिचं काम फक्त इशारा देणं. तिच्यावर मोटर चालवली तर रेडिओचा आउटपुट जळतो. काही रेडिओंना निळी आणि निळी-पांढरी अशा दोन असतात. बहुतेक सेटमध्ये निळी फक्त रेडिओ चालू असताना जिवंत होते आणि निळी-पांढरी सेट चालू असेपर्यंत, म्हणजे पेनड्राइव्हवरची गाणी ऐकतानाही. अँटेनाला निळी. अगदी जुन्या रेडिओला निळी नसेल तर किल्लीवरचा सप्लाय एका स्विचमधून घेऊन इशाऱ्याच्या वायरला द्या. स्विच हवाच, नाहीतर कमी उंचीच्या पार्किंगमध्ये शिरताना दांडी खाली घेता येणार नाही.

अँटेनाची केबल डिकीतून डॅशबोर्डपर्यंत पुरत नाही. गाडीच्या अँटेनाचीच एक्स्टेन्शन घ्या. घरात पडलेली टीव्हीची केबल जोडू नका. एफएमवर १०० मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी ७५ सेंटिमीटर येते, म्हणजे पूर्ण वर आलेली दांडी जवळपास मापात असते आणि सिग्नल तगून जातो. मीडियम वेव्हचं तसं नाही. पुणे आकाशवाणीच्या ७९२ किलोहर्ट्झला तरंगलांबी जवळजवळ ३८० मीटर. तिच्यापुढे आपली दांडी अगदीच आखूड, मिळतो तोच सिग्नल नाजूक, आणि टीव्हीच्या केबलची कपॅसिटन्स त्यातला बराचसा खाऊन टाकते. घाटात बातम्या ऐकणाऱ्यांना हा फरक कळतो.

केबल आणि वायरी सीटखालून, दाराच्या पट्टीखालून. पत्र्यातून जाईल तिथे ग्रोमेट. जोड सोल्डर करून स्लीव्ह.

आता पुन्हा नळी. डब्याचं तोंड सगळ्यात खाली येईल असा अँटेना फिरवा, मगच खालची आधाराची पट्टी आवळा. नळी सतत उताराची हवी. मध्ये झोळ पडला की पाणी तिथे थांबतं आणि मागे डब्यापर्यंत चढतं. बाहेरचं टोक तिरकं कापा आणि चाकाच्या उडणाऱ्या चिखलापासून वळवून ठेवा. मग तांब्याभर पाणी घ्या, खाली वाटी ठेवा आणि दांडीच्या बुडाशी थोडं थोडं ओता. वाटीत धार आली पाहिजे. ओतलेल्यातलं मुरलं कुठे वाटलं तर टॉर्च घेऊन डिकीत शिरा, शोधून काढा. ही चाचणी झाल्याशिवाय डिकीचं अस्तर लावायचं नाही. बसवणारा इलेक्ट्रिशियन घाई करेल, 'साहेब, काही होत नाही' म्हणेल. त्याला थांबवा.

दरवर्षी पावसाआधी हेच पाणी परत ओतायचं. गाडी बरेच दिवस उभी असेल तर नळीच्या तोंडात कुंभारीण माशी मातीचं घर करते आणि बाहेरून काही दिसत नाही. पातळ तार घालून बघा.

बाकी किरकोळ. वायरिंग करताना बॅटरीची निगेटिव्ह काढलेली असू द्या, रेडिओला कोड असेल तर आधी लिहून घ्या. दांडी कोरड्या फडक्याने पुसा, वर हलकं तेल, ग्रीस नको, धूळ धरतं. दुकानात नुसती दांडी दोरीसकट सुटी मिळत असेल तर एक घेऊन ठेवा, कारण आधी तुटते ती दोरीच. गाडी धुवायला देताना रेडिओ बंद.