अल्गोरिदमच्या प्रयोगांवर बोलताय? आधी इनपुट सांगा

एमटेकचं प्रेझेंटेशन जवळ आलं की आमच्या नवी मुंबईत गाईड हमखास सांगतात, “सगळे रिझल्ट टाक.” टाकू नका. इतकी टेबलं पडद्यावर कुणीही वाचत नाही. एक प्रश्न घ्या, त्याचं उत्तर देणारा एक ग्राफ दाखवा, बाकीचं बॅकअप स्लाइडवर ठेवा. ग्राफचे दोन्ही अक्ष लॉग स्केलवर घेतले की इनपुटच्या आकाराच्या वर्गाच्या पटीत वाढणारा वेळ 2 उताराची सरळ रेघ होऊन दिसतो, समजावत बसावं लागत नाही.

खरा घात इनपुटमध्ये होतो. समजा, सर्वांत जवळचा रस्ता शोधायचाय. रँडम ग्राफ, म्हणजे कसेही रेघांनी जोडलेल्या बिंदूंचं जाळं, दोन ओळींच्या कोडमध्ये तयार होतो, म्हणून जो तो तोच घेतो. त्यात कुठूनही कुठेही मोजक्या टप्प्यांत पोचता येतं. रस्त्यांचं तसं नसतं. विक्रोळी आणि कोपरखैरणे नकाशावर समोरासमोर आहेत, पण मध्ये ठाण्याची खाडी. जायचं तर ऐरोलीच्या नाहीतर वाशीच्या पुलावरून. ए-स्टार हा रस्ता शोधणारा अल्गोरिदम उरलेल्या अंतराचा अंदाज सरळ रेषेवरून बांधत असेल, तर तो आधी खाडीकाठचे रस्ते धुंडाळत बसतो, मग पुलाकडे वळतो. उत्तर बरोबरच येतं, पण तपासलेले बिंदू वाढतात. रँडम ग्राफमध्ये खाडी नाही आणि पूलही नाहीत, म्हणून हा खर्च तुमच्या आकड्यांत येतच नाही. मग “माझी पद्धत जलद आहे” म्हटलं की परीक्षक विचारणारच, “कशावर?” या प्रश्नाने भली भली मुलं गप्प होतात, आणि ते बघवत नाही.

घाबरू नका, उपाय हाताशी आहे. डिमॅक्स (DIMACS) या अमेरिकी संशोधन केंद्राच्या नवव्या चॅलेंजसाठी, म्हणजे सर्वांत जवळचा रस्ता शोधणाऱ्या अल्गोरिदमच्या आव्हानासाठी, वापरलेले अमेरिकेतल्या रस्त्यांचे ग्राफ फुकट मिळतात. सर्वांत मोठ्यात जवळपास 2 कोटी 40 लाख बिंदू आहेत. लॅपटॉपला झेपत नसेल तर न्यूयॉर्कचा घ्या, तो साधारण 2.6 लाखांचा आहे. रँडमही ठेवा, पण शेजारी.

सीनियरच्या स्लाइड उचलून आकडे बदलणं मात्र सोडा. त्याचं इनपुट वेगळं, मशीन वेगळं, पहिल्याच प्रश्नाला उघडं पडतं.

आणि तुमची पद्धत कुठे हरते ते स्वतःच दाखवा. मार्क जात नाहीत. उलट पुढचे प्रश्न त्याच स्लाइडवर येतात, आणि त्यांची उत्तरं तुमच्याकडे असतात.