नगरसेवक व्हायचंय? आधी यादी हातात घ्या

निवडणूक जवळ आली की सांगलीत सल्ले देणाऱ्यांना तोटा नसतो. शंभरफुटी रस्त्यावर वाढदिवसाचा डिजिटल फलक लाव, पोरांना जेवण घाल, रोज स्टेटस टाक. यातल्या किती जणांनी स्वतःच्या प्रभागाची मतदार यादी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली आहे, ते एकदा विचारून बघा. कार्यकर्ता म्हणून मी इतरांचे अर्ज भरत आणि बूथ लावत आलोय. माझ्या अनुभवात डिजिटलमुळे कुणी निवडून आलेलं नाही. यादीकडे दुर्लक्ष केल्यामुळे पडलेले मात्र बरेच पाहिलेत.

आधी पात्रता. वय 21 पूर्ण हवं आणि नाव महापालिका हद्दीतल्या कुठल्याही प्रभागाच्या यादीत चालतं. सूचक, म्हणजे अर्जावर तुमचं नाव सुचवून सही करणारा, मात्र तुम्ही लढणार त्याच प्रभागाचा मतदार असावा लागतो. तिसरं अपत्य 12 सप्टेंबर 2001 नंतरचं असेल, तर तिथेच थांबा. महापालिकेचा ठेका तुमच्या नावावर असेल तरीही अडचण आहे. घरपट्टी-पाणीपट्टी भरून टाका.

सांगली-मिरज-कुपवाडमध्ये 20 प्रभाग आणि 78 जागा आहेत. अठरा प्रभागांत चार-चार, दोन प्रभागांत तीन-तीन. निम्म्या जागा महिलांच्या. कोणती जागा कोणत्या प्रवर्गाला जाणार हे सोडतीत ठरतं, त्यामुळे सोडतीआधी 'भावी नगरसेवक' छापून घेणाऱ्यांची मला कीव येते.

आता यादी. महापालिकेची स्वतःची मतदार यादी नसते. एका ठरावीक तारखेची विधानसभेची यादी घेतात आणि ती प्रभागांच्या सीमेनुसार फोडतात. 2026 च्या जानेवारीतल्या मतदानासाठी 1 जुलै 2025 ची यादी धरली होती. त्या तारखेनंतर नाव नोंदवलेला तुमचा भाचा कितीही उत्साही असला तरी मत देऊ शकत नाही. म्हणून नवीन नावासाठी नमुना 6 आणि पत्ता बदलण्यासाठी नमुना 8 ही कामं निवडणुकीची चाहूल लागण्याआधीच उरका. कार्यक्रम जाहीर झाल्यावर धावाधाव करून काही होत नाही.

खरी गोची यादी फोडताना होते. सीमा कुठे नाल्यावरून जाते, कुठे रस्त्याच्या मधून. अशा ठिकाणची अख्खी गल्ली शेजारच्या प्रभागात जाऊन बसते आणि तिकडची शंभर-दीडशे नावं तुमच्या यादीत येऊन पडतात. उमेदवार ज्या गल्लीत वर्षभर गटारी काढून घेत फिरला, तिथली मतं भलत्यालाच जातात. प्रारूप म्हणजे कच्ची यादी प्रसिद्ध झाली की हरकतींना जेमतेम काही दिवस मिळतात. त्या दिवसांत बाकी सगळं बंद ठेवा. लग्नाला जाऊ नका, मेळावा घेऊ नका.

हरकत कशावर चालते हेही नीट समजून घ्या. नाव चुकीच्या प्रभागात गेलं, विधानसभेच्या यादीत असूनही प्रभागाच्या यादीतून गळलं, किंवा लिहिताना चूक झाली, एवढंच. नवीन नाव घालणं किंवा कुणाचं कायमचं काढणं तिथे होत नाही. ज्या त्या मतदाराची सही घ्या, पत्त्याचा पुरावा जोडा आणि अर्जाची पोच घ्या. एकाच कागदावर शंभर सह्यांचं निवेदन देऊन फोटो काढणारे पुढारी असतात. फोटो पेपरात येतो, नावं तिथेच राहतात.

अंतिम यादी हाती आली की ती घेऊन चालत फिरा. मोबाईलमधली पीडीएफ नको, छापील प्रत घ्या. बरोबर त्या गल्लीतला जाणता माणूस हवा. माझं मत विचाराल तर दूध घालणारा किंवा बचत गटाची ताई, कारण कोणत्या घरात कोण राहतं हे पक्षाच्या शाखाध्यक्षापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं. प्रत्येक नावापुढे खूण करा: राहतो, पुण्याला असतो, मयत, लग्न होऊन गेली, दुबार. सूर्यवंशी प्लॉट, काकानगर, दत्तनगर अशा पूरपट्ट्यात दुप्पट वेळ द्या. 2019 आणि 2021 च्या महापुरानंतर काही घरं वरच्या भागात भाड्याने गेली, पण नाव जुन्या पत्त्यावर आहे. त्यांना घरी शोधू नका, शेजाऱ्यांकडून फोन नंबर घ्या. आणि विधानसभेच्या वेळच्या जुन्या मतदार चिठ्ठ्या कुणाला वाटू नका. प्रभागाच्या यादीत अनुक्रमांक बदललेला असतो, केंद्रही बदलू शकतं. उन्हात तासभर चुकीच्या रांगेत उभी राहिलेली आजी परत येत नाही.

अर्ज भरणं त्यामानाने सोपं. शपथपत्रात एकही रकाना मोकळा सोडू नका, काही नसेल तर 'निरंक' लिहा. राखीव जागेवर लढत असाल तर जात वैधता प्रमाणपत्र किंवा पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पोच जोडा. पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे तुम्ही पक्षाचे अधिकृत उमेदवार असल्याचं पत्र, शेवटच्या दिवशी वेळेत कार्यालयात पोचला पाहिजे, जिल्हाध्यक्षांच्या गाडीत असून उपयोग नाही. खर्चासाठी वेगळं बँक खातं उघडा. छाननीला स्वतः हजर राहा.

प्रचार म्हणजे घरोघरी जाणं. त्यावर जास्त काय लिहायचं!

चार मतांची गोष्ट मात्र प्रत्येक दारात सांगा. अ, ब, क, ड अशा जागा असतात आणि मतदाराने प्रत्येक जागेसाठी एक बटण दाबायचं असतं. उमेदवार पसंत नसेल तर त्या जागेचा नोटा. एक बटण दाबून निघालेल्या माणसाला केंद्राध्यक्ष परत बोलावतात आणि तो गोंधळून जातो. अपक्षाने तर नमुना मतपत्रिका खिशातच ठेवावी, कारण पॅनेलवाले, म्हणजे प्रभागातल्या सगळ्या जागा एकत्र लढवणारे, चारही बटणं एका दमात पाठ करून घेतात.

निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशोब सादर करायचा असतो, जिंकलेल्याने आणि पडलेल्यानेही. पडलेले उमेदवार त्याकडे फिरकत नाहीत, मग तीन वर्षांपर्यंत अपात्रता ओढवते आणि पुढच्या निवडणुकीत छाननीला कळतं. मंडपवाल्याचं, रिक्षावाल्याचं, चहावाल्याचं बिल रोजच्या रोज फाईलला लावा.