मागच्या सीटला एसी लागत नाही? गॅस भरण्याआधी हे बघा

मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशीच्या वर गेला की सात सीटर गाडीत मागच्या रांगेतून हमखास ओरड येते, "एसी लागतच नाही!" लगेच गॅस भरायला धावू नका. बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या कप्प्यामागे केबिन फिल्टर असतो, तो आधी बाहेर काढा. आपल्याकडच्या धुळीनं तो काळपट, जाड झालेला असतो. हवाच अडली तर गारवा मागे पोचणार कसा? नवा टाका, काम घरीच होतं.

मग पुढच्या जाळीतून कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारा भाग, बघा. माती, किडे, काड्या अडकल्या असतील तर इंजिन थंड असताना साध्या पाइपनं हळूच पाणी मारा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर नको, नाजूक पात्या वाकतात.

एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकतं, ते ठीकच. पण तेच पाणी आत मॅटवर दिसलं, तर ड्रेन पाइप तुंबलाय.

आणि गॅस? तो वापरून संपत नाही. कमी झालाय म्हणजे कुठंतरी गळतोय. मेकॅनिकला आधी गळती शोधून दाखवायला सांगा, मगच भरू द्या.