रत्नागिरी एका दिवसात

पाहुणे आले की मी त्यांना आधी थिबा राजवाड्यात नेते. सोमवार मात्र टाळा, तिथलं संग्रहालय बंद असतं. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत करून पुढे इथे आणून ठेवलं. १९१० साली बांधलेल्या याच वाड्यात तो १९१६ मध्ये वारला. म्हणून सांगते, फोटोपुरतं थांबू नका. जांभ्याच्या भिंती, सागवानी छत नीट बघा. मला तिथे दरवेळी गलबलून येतं.

टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर अर्ध्या तासात होतं. ऊन उतरलं की थिबा पॉइंटच्या जिजामाता उद्यानात जा. खाली काजळी नदी, भाट्याची खाडी आणि पूल दिसतो. मुलं बरोबर असतील तर रत्नदुर्ग दुसऱ्या दिवशी सकाळी करा.