जाड फिल्म म्हणजे जास्त करंट? या चुका टाळा

विहिरीवरच्या मोटरपंपाला जाड केबल टाकली की ती कमी तापते, हे आपल्या विदर्भात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. तोच हिशेब वायबीसीओच्या (यिट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजनचं संयुग) अतिवाहक, म्हणजे पुरेशी थंड केल्यावर रोधाशिवाय वीज नेणाऱ्या, फिल्मला लावणं ही पहिली चूक. तालुक्याच्या कॉलेजातल्या एम.एस्सी. प्रकल्पात ती हमखास दिसते.

77 केल्व्हिनला, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, क्रांतिक प्रवाहघनता (अतिवाहकता न मोडता छेदाच्या दर चौरस सेंटिमीटरातून जाणारा जास्तीत जास्त करंट) दर चौरस सेंटिमीटरला 10 लाख अँपिअर धरा. 1 सेंटिमीटर रुंद, 1 मायक्रॉन जाड फिल्म 100 अँपिअर नेईल. मग 2 मायक्रॉनची 200 नेईल? सहसा नाही. जाडी वाढते तशी घनताच उतरते. एकूण करंट वाढतो, पण रखडत.

कारणं दोन. तळाचा थर आधारावर (ज्या चकतीवर फिल्म वाढवतात तिच्यावर) नीट बसतो. वर वर जाताना मात्र आडवे पडलेले स्फटिक, पोकळ्या आणि खडबडीतपणा वाढतो, आणि करंटची वाट अडते. दुसरं म्हणजे, चुंबकीय भोवरे (फिल्ममध्ये शिरलेल्या चुंबकीय क्षेत्राचे धागे, जे सरकले की रोध येतो) अडकवून ठेवणारे दोष आधाराजवळ दाट असतात, वर विरळ. म्हणून करंट वाढेना झाला की आणखी थर चढवू नका. आयन बीमनं वरून थोडं थोडं खरवडून दर वेळी करंट मोजा. सुरुवातीला तो घटलाच नाही, तर वरचा थर फुकटचा बसला होता. एक्स-रेत आडव्या स्फटिकांची शिखरं दिसली, तर वाढीच्या वेळचं तापमान कमी पडलं असावं. हीटरचा आकडा तोच राहतो, फिल्मचा पृष्ठभाग मात्र थंड झालेला असू शकतो.

संक्रमण तापमान (ज्याच्या खाली फिल्म अतिवाहक होते) 90 केल्व्हिनच्या बरंच खाली आलं, तर आधी फिल्ममध्ये ऑक्सिजन कमी पडल्याचा संशय घ्या.

फिल्म बाहेरून बनवून आली तरी मोजणी आपल्याकडंच बिघडते. रुंद पट्टीत मोठा करंट सोडला की जोड तापतात आणि दोष फिल्मच्या माथी येतो. फिल्ममध्येच अरुंद पूल (बारीक पट्टी) कोरा, चार जोडांनी (दोन करंटला, दोन व्होल्टेजला) मोजा, सेंटिमीटरला 1 मायक्रोव्होल्ट दिसलं की मर्यादा आली हा निकष पाळा. अरुंद पुलाचा आकडा रुंद पट्टीशी मात्र सरळ ताडून पाहू नका, करंटचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र दोन्हीकडं वेगळं असतं.

द्रव नायट्रोजनची सोय गावाकडंही लागते; जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी तो येतोच. खरी अडचण जुलैच्या दमट हवेची. नमुना बाहेर काढताच त्यावर पांढरं हिम धरतं, वितळून पाणी होतं, आणि पाण्यानं वायबीसीओ खराब होतं. कोरड्या नायट्रोजन वायूच्या झोतातच तो खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच उघड्यावर ठेवा.