नाताळच्या सुट्टीत हॉलमध्ये थाटा माथेरानचं जुनं लॉज

डिसेंबरच्या सुट्टीत सोसायटीतली सहा ते नऊ मुलं जमवा, वय आठ ते बारा. सोबत थोडी नाटकं करायला न लाजणारी चार मोठी माणसं हवीत. एवढ्यावर घरच्या हॉलमध्ये एका संध्याकाळपुरतं जुनं लॉज उभं राहतं आणि त्यात एक चोरी होते. खेळ सव्वा तासाचा, तयारी दोन संध्याकाळची. लोकर, गेरू आणि खाऊ सोडला तर खर्च नाही.

लॉज माथेरानचं घ्या. मुंबईतल्या लॉजमधला चोर मागच्या जिन्याने उतरून लोकल पकडेल आणि गोष्ट तिथेच संपेल. माथेरानला पर्यटकांच्या गाड्या दस्तुरी नाक्यालाच थांबतात, तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. नेरळहून १९०७ पासून येणारी छोटी गाडीही रात्री धावत नाही. काळोख पडल्यावर जो वर आहे तो वरच, आणि चोरही त्यांच्यातलाच. पावलांच्या ठशांना तिथली लाल माती आहे, आळ घ्यायला माकडं आहेत. काळ मोबाइलच्या आधीचा ठेवा, १९८५ वगैरे, म्हणजे ‘फोन करून विचारू या ना’ म्हणायची सोय राहत नाही.

आधी उत्तर लिहा

कोणी, का, कसं, आणि वस्तू कुठे आहे हे चार ओळींत लिहून काढा. पुरावे त्यानंतर. गमतीचे पुरावे आधी जमवले तर शेवटी ते कुणालाच नीट चिकटत नाहीत आणि मुलं हुज्जत घालतात. खूनबिन नको, या वयाला जेवणाची घंटा पुरते.

कथानक असं: व्हरांड्यातली पितळी घंटा, जी वाजली की पाहुणे जेवायला येतात, ती संध्याकाळी गायब झाली आहे. संशयित चार. पैसे मागायला आलेला घोडेवाला, घंटेवरून मॅनेजरशी रोज वाजणारा आचारी, जुन्या वस्तू विकत मागत फिरणारा फोटोग्राफर आणि खोली क्रमांक तीनमधल्या आजी. घंटा काढली आजींनी, कारण रात्री आठच्या ठणठणाटाने त्यांची तान्ही नात दचकून उठते. नातवाने ती तांदळाच्या डब्यात लपवली आणि आजीला चिठ्ठीतून कळवलं. नातू प्रत्यक्ष दाखवायची गरज नाही. आचारी आणि घोडेवाला एकाच माणसाने टोपी बदलून केले तरी मुलं चालवून घेतात.

लोकर

अख्ख्या खेळाचा कणा हाच पुरावा, त्यामुळे इथे घाई करू नका. घंटा काढताना वाजायला हवी होती, मग कुणीच कशी ऐकली नाही? हा प्रश्न मॅनेजरने नुसता टाकायचा आणि गप्प बसायचं. हाताशी देवघरातली छोटी घंटा आणि हातभर लोकर ठेवा. कुणीतरी आतल्या लोलकाला लोकर गुंडाळून पाहतंच. ‘ठण’चा ‘ठप’ झाला की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

आता घंटेच्या रिकाम्या हुकावर बोटभर लांबीचा जांभळा धागा अडकवून ठेवा. जांभळी लोकर दोघांकडे आहे: आजींच्या विणकामाच्या पिशवीत आणि फोटोग्राफरच्या मफलरच्या झालरीत. रंग तंतोतंत एकच हवा. थोडा जरी फरक असला तरी मुलं दोन मिनिटांत निकाल लावतात. फरक पिळात ठेवायचा. आजींची लोकर चार पदरी, झालर दोन पदरी. धाग्याचं टोक चिमटीत धरून पिळाच्या उलट दिशेने फिरवलं की पदर सुटे होतात आणि मोजता येतात. हुकावरच्या धाग्याचे चार निघतात.

लोकर घेताना दुकानातच टोक उलगडून पाहा. काही फुगीर लोकरींना सुटे पदरच नसतात, नुसता कापूस हातात येतो. दोन पदरी लोकर त्याच रंगात मिळाली नाही तर चार पदरीतलेच दोन पदर काढून, उरलेल्या दोघांना पीळ देऊन झालर बांधा. हुकावर एकाऐवजी तीन तुकडे ठेवलेले बरे, कारण पहिला तुकडा कुणीतरी हमखास हरवतो.

लाल पावलं आणि केळी

किराणा दुकानातला गेरू दोन चमचे पुरतो. चपलेचा तळवा ओल्या फडक्याने पुसून गेरूत दाबा आणि जुन्या पांढऱ्या चादरीवर ठसे उमटवा. थेट फरशीवर नको, फटींत बसलेला गेरू दिवाळीपर्यंत निघत नाही. ठसे व्हरांड्याच्या पायरीपर्यंत यावेत आणि तिथूनच माघारी वळावेत. घोडेवाला आत आलाच नव्हता, हे त्यातून निघतं. घंटेखालच्या टेबलावर सहा केळी अख्खी ठेवा. माकडाने केळी सोडून पितळ नेलं, हे कुणाला पटेल? तरीही एक मूल शेवटपर्यंत माकडावर अडून बसतंच. बसू द्या.

नोंदवही

दोन कप पाण्यात तीन चमचे चहापूड पाच मिनिटं उकळा. गार करून गाळा, त्यात कागद मिनिटभर बुडवा आणि पंख्याखाली वाळवा. लिहायचं वाळल्यावर, बॉलपेनने. आधी शाईने लिहिलं तर अक्षरं पसरतात. नाव, गाव, खोली, आल्याची वेळ असे रकाने आखा आणि खाली तक्रार लिहा: ‘रात्रीच्या घंटेने बाळ उठते. घंटा काढावी.’ सही असलेला कोपरा फाडून आजींच्या पिशवीत टाका. फाडायचा हाताने, वेडावाकडा, आणि लिहिलेल्या ओळीच्या मधून, म्हणजे तुकडा जुळला की वाक्यही पुरं होतं. घडीवर सरळ फाडलेला कागद कशालाही जुळतो, त्याने काहीच सिद्ध होत नाही.

हळदीची चिठ्ठी

लिंबाच्या रसाने लिहून इस्त्री फिरवायची युक्ती सगळ्यांना माहीत आहे, पण नऊ मुलं आणि गरम इस्त्री एका खोलीत नकोत. वरणाच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, तेच इथे वापरा. अर्धा चमचा धुण्याचा सोडा दोन चमचे पाण्यात विरघळवा आणि कान साफ करायच्या कापसाच्या काडीने जाड कागदावर ‘तांदूळ बघ’ लिहा. हे काम मोठ्यांनी करायचं, सोडा हाताला चरचरतो. अक्षरं बोटाएवढी काढा आणि शिरोरेघ देऊ नका. ओली रेघ खाली ओघळते आणि सगळं एकत्र होतं. वाळल्यावर कागद रात्रभर जाड पुस्तकाखाली दाबा, नाहीतर चुरगळलेल्या जागाच गुपित फोडतात.

खेळताना अर्धा चमचा हळद दोन चमचे सॅनिटायझरमध्ये कालवून कापसाने हलकेच पुसायची. कागद पिवळा, अक्षरं लालसर. सॅनिटायझर पेट घेतं, तेव्हा लॉजच्या वातावरणासाठी मेणबत्त्या-कंदील पेटवायचा मोह आवरा. टॉर्चवर पिवळा जिलेटिन कागद लावला की काम भागतं. चिठ्ठी विणकामाच्या पिशवीतच ठेवा आणि तिच्या कोपऱ्यावर हळदीचा पुसट अंगठा उमटवा. नाहीतर कोरा कागद कुणी दुसऱ्यांदा बघतही नाही.

प्रत्यक्ष खेळ

साडेपाचला सुरुवात करा. डिसेंबरअखेर मुंबईत सहानंतर लगेच सूर्य मावळतो, त्यामुळे अंधार बरोबर खेळाच्या मध्यावर येतो. दुपारी दोन ते चार कटाक्षाने टाळा, खालच्या मजल्यावरच्या खऱ्या आजी झोपलेल्या असतात. लोकर तपासताना मात्र पांढरा दिवा लावा, टॉर्चच्या उजेडात पदर मोजता येत नाहीत.

मुलांच्या तीन-तीनच्या तुकड्या पाडा. एकाने विचारायचं, एकाने लिहायचं, एकाने पुरावे सांभाळायचे, आणि दर वीस मिनिटांनी कामं बदलायची. नाहीतर मोठी मुलं विचारत सुटतात आणि लहान नुसती मागे फिरतात. पात्रांना एकच नियम: खोटं फक्त आजी बोलणार. बाकीच्यांनी एखादी गोष्ट लपवायची, पण थेट विचारलं की सांगून टाकायची. सगळेच थापा मारू लागले तर मुलांना धरायला काही उरत नाही.

घंटा सुरुवातीला तांदळात ठेवूच नका. उत्साहाच्या भरात एखादं मूल पहिल्या दहा मिनिटांत स्वयंपाकघर पालथं घालतं. चिठ्ठी वाचली जात असताना आचाऱ्याने गुपचूप जाऊन घंटा डब्यात खुपसायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून. बेडरूमसारख्या बंद जागांवर आधीच खडूने फुली मारा.

हुशार पोर पंधराव्या मिनिटाला ‘आजी!’ म्हणून ओरडेल. मॅनेजरने शांतपणे म्हणायचं, “तीन पुरावे टेबलावर ठेव, मग बोलू.” सात-आठ मिनिटं कुणीच पुढे सरकलं नाही, तर मॅनेजर पुटपुटेल, “या हुकाला काय अडकलंय बरं?” त्याहून जास्त मदत नको.

आजींनी कबुली दिली की लगेच टाळ्या वाजवून आवरू नका. घंटा आता कुठे टांगायची, हे मुलांनाच ठरवू द्या. कुणी बागेत म्हणतं, कुणी शिट्टी वापरा म्हणतं, एखादं बाळालाच दुसऱ्या खोलीत हलवतं. मग ज्या तुकडीने डबा उघडला तिने घंटेची लोकर सोडवायची आणि ती वाजवून सगळ्यांना जेवायला बोलवायचं. भाजी आधीच गरम करून ठेवा आणि पाव शेवटच्या पाच मिनिटांत भाजायला घ्या.