टीएसएच नॉर्मल, तरीही दुखणं पिट्युटरीचं: या चुका टाळा

माझ्या मावशीच्या फायलीत टीएसएच या थायरॉइडसाठीच्या रक्ततपासणीचे सात रिपोर्ट होते. सातही नॉर्मल. धाकट्याच्या बाळंतपणात तिला खूप रक्तस्राव झाला होता. अंगावर दूध आलंच नाही, पुढे पाळीही आली नाही. काखेतले केस गळाले, थंडी सोसेनाशी झाली. घरचे अशक्तपणा म्हणून डिंकाचे लाडू करत राहिले. बारा वर्षांनी एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “बाळाला अंगावर पाजलं होतंत का?” तिथून गाठ सुटली. दुखणं होतं पिट्युटरी या मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीचं. १९३७ साली हॅरोल्ड शीहान या ब्रिटिश डॉक्टरांनी त्याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्याला शीहान सिंड्रोम म्हणतात. गरोदरपणी ही ग्रंथी मोठी झालेली असते. बाळंतपणात अतिरक्तस्रावाने रक्तदाब कोसळला की तिला रक्त पुरत नाही आणि तिचा भाग मरतो.

ग्रंथी केवढीशी, तर वाटाण्याएवढी. नाकाच्या मुळामागे, मेंदूच्या तळाशी, हाडाच्या खोबणीत बसलेली. थायरॉइड, मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी, स्त्रीची अंडाशयं, पुरुषाची वृषणं या सगळ्यांना कामाला लावणारी हॉर्मोन्स तिच्यातून निघतात. वाढीचं हॉर्मोन आणि दुधाचं प्रोलॅक्टिनही तिचंच. त्यामुळे ती बिघडली की तक्रार भलतीकडेच दिसते, आणि उपचारही भलतीकडेच होत राहतात.

सर्वांत मोठी चूक मावशीच्या बाबतीत झाली तीच: फक्त टीएसएच पाहणं. टीएसएच थायरॉइडचं हॉर्मोन नाही, ती पिट्युटरीने थायरॉइडला धाडलेली ताकीद आहे. थायरॉइड मंदावली की ताकीद कडक होते, टीएसएच चढतं. पण ताकीद देणारीच आजारी असेल तर? टी-४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हॉर्मोन, घसरत जातं आणि टीएसएच मात्र नॉर्मल किंवा थोडं कमी दिसतं. लक्षणं बोलत असतील तर सोबत फ्री टी-४ (रक्तातलं मोकळं टी-४) करून घ्याच. (केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, या तपासण्यांचे आकडे त्यांनी चुकतात.) याच्या पोटात आणखी धोकादायक चूक दडलेली आहे. पिट्युटरीमुळे थायरॉइड कमी असेल तर थायरॉक्सिन (टी-४ची गोळी) सुरू करण्याआधी सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसोल, म्हणजे अ‍ॅड्रिनलचं हॉर्मोन, तपासावं लागतं. ते कमी असताना नुसतं थायरॉक्सिन दिलं, तर शरीरातलं उरलंसुरलं कॉर्टिसोल झपाट्याने खर्ची पडून रुग्ण कोसळू शकतो. आधी कॉर्टिसोलची उणीव भरून काढणारं स्टेरॉइड, मग थायरॉक्सिन. पुढे डोस ठरवतानाही टीएसएच उपयोगाचं नाही, फ्री टी-४ पाहायचं.

आपल्याकडे शेतात घोणस चावून वाचलेल्या माणसांचीही अशीच हेळसांड होते. मूत्रपिंडाकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण घोणसीच्या विषाने पिट्युटरीही निकामी होऊ शकते, कधी लगेच, कधी महिन्या-वर्षांनी कळून येते. दंशानंतर थकवा हटत नसेल, पाळी थांबली असेल, दाढी विरळ झाली असेल, तर जुना सर्पदंश डॉक्टरांना आठवणीने सांगा.

प्रोलॅक्टिन वाढलं की घरात ‘मेंदूत गाठ’ म्हणून रडारड सुरू होते. आधी औषधांची पिशवी तपासा. अ‍ॅसिडिटीच्या ज्या गोळ्यांत डॉमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असतं, त्यांनी प्रोलॅक्टिन वाढतं. काही मानसिक आजारांवरच्या औषधांनीही वाढतं, पण ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. गरोदरपण आणि कमी थायरॉइड हीसुद्धा कारणं आहेत. खरोखर गाठ निघाली तरी ती बहुधा कर्करोगाची नसते, आणि प्रोलॅक्टिनची गाठ बहुतेकदा कॅबर्गोलिनच्या गोळ्यांनीच आक्रसते.

नजरेच्या बाबतीत चष्म्याचा नंबर बदलत बसू नका. ग्रंथीच्या अगदी वर डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात. गाठ वर सरकली की दोन्ही बाजूंचं दिसणं कमी होतं, समोरचं मात्र स्वच्छ दिसतं. माणूस तक्ता नीट वाचतो आणि दाराच्या चौकटीला खांदा आपटतो. अशा वेळी दृष्टिक्षेत्राची तपासणी मागून घ्या. अचानक असह्य डोकेदुखी, उलट्या, एकाचे दोन दिसणं असं झालं तर मायग्रेनची गोळी देऊन झोपवू नका, ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्या.

मोठ्या माणसात वाढीचं हॉर्मोन जास्त झालं तर हात, पाय, चेहरा मोठे होतात. म्हणून अंगठी घट्ट होणं, चपलेचा नंबर वाढणं हे वजनावर ढकलू नका, जुने फोटो काढून चेहरा ताडून पाहा. उलट मुलांत ते कमी पडलं तर उंची खुंटते: चार वर्षांपुढचं, वयात न आलेलं मूल वर्षाला चार-पाच सेंटिमीटरही वाढत नसेल तर ‘उशिरा उंच होईल’ म्हणत थांबू नका. हाडांची टोकं जुळली की औषधाने उंची वाढत नाही.

आणि स्टेरॉइडच्या नावाला भिऊन गोळी सोडू नका. शरीर जे बनवत नाही तेवढंच ती भरून देते. मावशीला एकदा जुलाब-उलट्या झाल्या, सकाळची गोळी उलटून पडली. संध्याकाळी ती ओट्याशी उभी राहताना खाली बसली, वरचं बीपी सत्तर. तापात डोस किती वाढवायचा हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. गोळी पोटात ठरत नसेल तर इंजेक्शनच लागतं. आता मावशीच्या पर्समध्ये चिठ्ठी असते: ‘मला कॉर्टिसोल तयार होत नाही. उलट्या होत असतील किंवा शुद्ध हरपली असेल तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम लगेच द्या.’ खाली माझ्या भावाचा नंबर.